कुणाचा रे तू?



आपल्या जाफराबादच्या एसटी स्टँडवर एखादे अनोळखी पोर दिसले, की बाकावर बसलेली म्हातारी मंडळी त्याला एक प्रश्न हमखास विचारतात : "कुणाचा रे तू?" त्याचे नाव काय, तो कितवीत शिकतो, हे सगळे नंतर. आधी तो कुणाचा, हे कळले पाहिजे. पोर बापाचे नाव सांगते. मग "गाव कोणतं?" आणि त्यानंतर "आडनाव काय?" तिसरे उत्तर मिळाले, की विचारणाऱ्याच्या मनात त्या पोराची जागा ठरून जाते. त्याला जवळ बसवून घ्यायचे, की नुसते "बरं, जा" म्हणायचे, हेही तेव्हाच ठरते. पोराला ते कुणी सांगत नाही. समोरच्याच्या चेहऱ्यावर ते वाचून घेते.

या साध्या प्रश्नावर आज आम्ही थोडा विचार करू इच्छितो. माणूस ज्याला 'मी' म्हणतो, तो 'मी' किती त्याचा स्वतःचा असतो आणि किती भोवतालच्या लोकांनी घडवलेला असतो? आणि तो जर लोकांनीच घडवला असेल, तर आपल्या रोजच्या वागण्याची जबाबदारी कुणावर?

दुसऱ्याच्या डोळ्यांतला मी

इरावती कर्वे (१९०५-१९७०) यांचा 'परिपूर्ती' हा लेख आपल्यापैकी काहींनी वाचला असेल. त्याच नावाचा त्यांचा लेखसंग्रह १९४९ मध्ये प्रसिद्ध झाला. इरावतीबाई स्वतः मोठ्या विदुषी, मानववंशशास्त्राच्या अभ्यासक. एका समारंभात त्यांची ओळख करून देताना त्या कुणाची सून, कुणाची पत्नी, हे सांगितले जाते. त्यांना मात्र ही ओळख अपुरी वाटत राहते. पुढे रस्त्याने जात असता शाळेची पोरे त्यांच्याकडे पाहून आपल्या वर्गातल्या कर्व्याची आई म्हणून त्यांना ओळखतात, आणि आता ओळख पुरी झाली असे त्यांना वाटते. लेखाचा सूर खेळकर आहे. पण त्यातला विचार खोल आहे. ज्या बाईचे स्वतःचे कर्तृत्व एवढे, तिलाही 'मी कोण' हे नात्यांतून आणि दुसऱ्यांच्या तोंडूनच कळते.

अमेरिकेतले विचारवंत विल्यम जेम्स यांनी १८९० साली म्हटले होते, की माणसाला ओळखणारी जितकी माणसे, तितके त्याचे 'मी' असतात. चार्ल्स कूली या समाजशास्त्रज्ञाने १९०२ साली त्यापुढचा विचार मांडला. त्यांनी आरशाची उपमा घेतली. आपण समोरच्याला कसे दिसतो, हे आपण मनाशी कल्पितो. त्याला आपल्याबद्दल काय वाटत असेल, हेही कल्पितो. मग त्यानुसार आपल्याला अभिमान तरी वाटतो किंवा शरम तरी वाटते. हे रोज, शेकडो वेळा घडते आणि त्यातून 'मी' तयार होतो.

हे कळायला मोठी पुस्तके वाचायला हवीत असे नाही. आपल्या मराठीतच ते आहे. 'आपण' हा शब्द पाहा. 'आपण जाऊ' म्हणताना त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघेही येतात. 'आपण बसावे' म्हणताना तोच शब्द समोरच्याला मान देतो. 'ज्याने त्याने आपले पाहावे' म्हणताना त्याच शब्दाच्या पोटातून स्वतःचा अर्थ निघतो. स्वतः, समोरचा आणि सगळे मिळून, अशा तिघांना एकाच शब्दात बसवणाऱ्या भाषेने 'मी एकटाच मला घडवले' असे कधी मानले नसावे.

अरे आणि अहो

याच भाषेची दुसरी बाजूही आहे. मराठीत बोलायला तोंड उघडले, की समोरच्याची पायरी ठरवावीच लागते. 'ये' की 'या', 'बस' की 'बसा', यांतले एक निवडल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. ही निवड आपण विचार करून करत नाही. ती लहानपणी ओसरीवर, पारावर, पाणवठ्यावर शिकलेली असते.

'तू' म्हणण्यात स्वतः काही वाईट नाही. आईला आपण 'तू' म्हणतो, देवालाही 'तू' म्हणतो. जिथे 'तू' एकाच बाजूने वाहतो, तिथे प्रश्न उभा राहतो. साठीच्या सालगड्याला मालकाचा शाळकरी मुलगा "ए, इकडं ये" म्हणतो आणि तो सालगडी "आलो मालक" म्हणतो. त्या एका देवाणघेवाणीत दोघेही घडतात. मुलगा शिकतो, की वय आणि कष्ट यांपेक्षा सातबाऱ्यावरचे नाव मोठे. म्हातारा ते केव्हाच शिकलेला असतो. चहाच्या हॉटेलातल्या पोराला आपण 'छोटू' म्हणतो. त्याला आईबापाने दिलेले नाव आहे, हे सहसा कुणी विचारत नाही.

दिवाळीच्या सुमारास आपल्या मराठवाड्यातून हजारो कुटुंबे ऊसतोडीला जातात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीची मोजदाद 'एक कोयता' अशी होते. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, हिशेब होतो तो कोयत्याचा. दोन जिती माणसे, त्यांची दोन नावे, आणि हिशेबात एक हत्यार! वर्षातले पाच-सहा महिने ज्याला लोक कोयता म्हणून मोजतात, तो गावी परतल्यावर ग्रामसभेत ताठ मानेने बोलत नाही, म्हणून आपण त्याला अडाणी ठरवतो. त्याची मान कुणी वाकवली, हा प्रश्न मागेच राहतो.

दौलताबादचा हौद

या घडणीची ताकद किती असते, याचे एक उदाहरण आपल्याच मुलखातले आहे. १९३४ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांबरोबर वेरूळची लेणी पाहायला निघाले होते. वाटेत ही मंडळी दौलताबादचा किल्ला पाहायला थांबली. तो भाग तेव्हा, आपल्या जाफराबादप्रमाणेच, निजामाच्या राज्यात होता. प्रवासाच्या धुळीने सगळे माखले होते. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेला हौद होता. त्यातल्या पाण्याने काहींनी तोंड-पाय धुतले. थोड्याच वेळात एक वृद्ध मुसलमान गृहस्थ ओरडत आले, की यांनी हौद बाटवला. गर्दी जमली, शिवीगाळ झाली. अखेर किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण ही मंडळी आत कुठे पाण्याला शिवू नयेत म्हणून बरोबर एक हत्यारी शिपाई देण्यात आला. ही हकिगत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. अमेरिका आणि इंग्लंडमध्ये शिकून बॅरिस्टर झालेला माणूस, पण हौदाच्या काठावर त्याच्या पदव्यांना किंमत नव्हती. लोकांनी त्याच्यासाठी आधीच ठरवलेला एक 'तो' होता.

यातला बारकावा आपण लक्षात घेतला पाहिजे. ज्याने हौद बाटल्याची ओरड केली, त्याच्या धर्मात अस्पृश्यता सांगितलेली नाही. तरीही शेजारपाजारच्या चालीरीतींतून ती त्याच्या अंगात मुरली होती. रूढी धर्माच्या शिवेपाशी थांबत नाही. ती गावातून येते, भाषेतून येते, पाण्याच्या भांड्यातून येते. म्हणून बाटल्याचा तो आरडाओरडा एका समाजाच्या माथी मारून आपण मोकळे होऊ शकत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये भारतातील कॅथॉलिक महागुरूंच्या परिषदेने दलितांच्या सक्षमीकरणाचे धोरण जाहीर केले. ख्रिस्तसभेच्या आतही जातीचा भेदभाव शिल्लक आहे, हे त्या वेळी उघडपणे मान्य करण्यात आले. एकाच वेदीपुढे गुडघे टेकणाऱ्यांच्या घरी सोयरीक जुळवताना पहिला प्रश्न कोणता निघतो, हे आपल्याला ठाऊक आहे. स्टँडवरचा तिसरा प्रश्न तो हाच.

मग दोष कुणाचा?

येथे एक प्रामाणिक शंका येते. समाजानेच जर आपल्याला असे घडवले असेल, तर आपला दोष काय? ज्याला जन्मापासून एकच रीत दिसली, त्याने वेगळे वागावे तरी कसे?

ही शंका झटकून टाकण्यासारखी नाही. मालकाच्या त्या शाळकरी मुलाला आपण गुन्हेगार म्हणू शकत नाही. त्याने घरात ऐकले तेच तो बोलला. पण 'समाजच तसा आहे' या वाक्यात एक चोरवाट आहे. हे वाक्य बोलणारा स्वतःला समाजाच्या बाहेर उभा करतो. जणू समाज म्हणजे नदीपलीकडे राहणारे कुणी लोक! 'लोक काय म्हणतील' या भीतीचेही तसेच. ज्या लोकांना आपण भितो, त्या प्रत्येकाच्या घरी जाऊन विचारले, तर तोही लोकांनाच भीत असतो. त्याच्या यादीतले 'लोक' म्हणजे आपण. आपल्याला जसे दुसऱ्यांनी घडवले, तसे या क्षणी आपण दुसऱ्या कुणाला तरी घडवत आहोत. आरशात पाहणारे आपण आहोत, तसे कुणाचा तरी आरसाही आहोत.

म्हणून आम्हांला असे वाटते, की घडवले जाण्यात दोष नाही. दोष सुरू होतो तो कळल्यानंतर. हातून काय घडते आहे हे एकदा दिसले, की त्यानंतरचे 'अरे' हे सवयीचे राहत नाही, ते आपले होते.

पण कळणे आणि वळणे यांत अंतर असते. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे अंतर फार मोकळेपणाने आले आहे. त्याचा पहिला भाग १९३४ साली प्रसिद्ध झाला. त्यांचे माहेर नाशिकजवळच्या जलालपूरचे. वडिलांना सोवळ्याचे जणू वेडच होते आणि त्या घरात त्या वाढल्या. पती नारायण वामन टिळक यांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर काही वर्षे दोघे वेगळे राहिले. पुढे लक्ष्मीबाई पतीकडे परत आल्या, पण आपले सोवळे, आपले पाणी, आपला स्वयंपाक त्यांनी काही काळ वेगळाच ठेवला. पतीवर प्रेम होते, राग निवळला होता, तरी हात मात्र जुन्या घराचेच होते. भेद देवाने केले की माणसाने, याचा विचार करता करता एके दिवशी त्यांना उत्तर सापडले. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्या घरी बालकवी ठोंबरे यांच्यासारखी परकी मुले घरच्यासारखी राहिली.

त्यांचा हा प्रवास एका दिवसाचा नव्हता आणि त्या एकट्याही नव्हत्या. टिळकांनी त्यांच्यावर बळजबरी केली नाही. वेगळी चूल त्यांनी चालू दिली. दुसऱ्याला बदलण्यासाठी लागणारा हा धीरही आपण शिकला पाहिजे.

एकट्याने नव्हे, मिळून

एकट्या माणसाने रीत मोडली, की लोक त्याला विक्षिप्त म्हणतात. पाचपन्नास जणांनी मिळून मोडली, की नवी रीत पडते. महार समाजाला एके काळी वरच्या जातींपुढे 'जोहार' घालावा लागे. त्या शब्दाबरोबर कमरेतही वाकावे लागे. पुढे 'जय भीम' हा अभिवादनाचा शब्द आला. तो रूढ करण्याचे श्रेय कामठीचे कार्यकर्ते बाबू हरदास (१९०४-१९३९) यांना दिले जाते. आज गावोगाव दोन माणसे भेटली, की सरळ उभे राहून एकमेकांना 'जय भीम' म्हणतात. दोन शब्द बदलले आणि त्यांबरोबर पाठीचा कणाही सरळ झाला.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाच्या ग्रामसभेने मे २०२२ मध्ये ठराव केला, की पती वारल्यावर बाईचे कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे हे प्रकार गावात बंद. त्याच महिन्यात राज्य सरकारने इतर ग्रामपंचायतींनाही हा आदर्श घेण्यास सांगितले. एकट्या विधवेने आपल्या बांगड्या ठेवल्या असत्या, तर तिला नावे ठेवली गेली असती. गावाने एकत्र ठरवले, म्हणून तिच्या हातांना बळ आले. आपल्या घरांत कुंकवाचा प्रश्न नसेलही. पण लग्नघरी विधवा बहीण मागच्या रांगेत का उभी राहते, याचा विचार आपणही करायला हवा.

सरकारनेही काही पावले टाकली आहेत. वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये घेतला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावापुढे आधी आईचे आणि मग वडिलांचे नाव लावण्याचा नियम झाला. 'कुणाचा रे तू?' या प्रश्नाला पोराने आईचे नावही सांगावे, ही त्यामागची भावना आहे.

कुणी म्हणेल, नावे आणि शब्द बदलून काय होते? 'अहो काका' म्हणायचे आणि मजुरी तीच कमी द्यायची, तर त्या 'अहो'ला काय अर्थ? हा आक्षेप खरा आहे. गोड शब्दांच्या आडून लुबाडणूक चालत असेल, तर ती अधिकच वाईट. शब्द हे न्यायाऐवजी देण्याची वस्तू नव्हे. पण शब्द फुकाचेही नसतात. आपल्या मराठवाड्यात विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव २७ जुलै १९७८ रोजी झाला. त्यानंतर गावोगावी दलितांची घरे जळाली, माणसे मारली गेली. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी. नावात जर काहीच नसते, तर साडेपंधरा वर्षे लागली नसती. ज्याला नावाने हाक मारली जाते, तोच पुढे आपल्या मजुरीचा हिशेबही मागू शकतो. छोटूला आणि कोयत्याला हिशेब मागता येत नाही.

दुसरी एक गोष्ट न विसरता सांगितली पाहिजे. लोकांच्या नजरेतून सुटका करून घेणे, हा काही या प्रश्नाचा इलाज नव्हे. शहरात गेलेली आपली मुले सांगतात, की तिथे कुणी आडनाव विचारत नाही, पण तिथे कुणी चार दिवस दिसले नाही तरी दारही वाजवत नाही. आपल्याकडे मयत झाली, की सगळी गल्ली कामे टाकून येते. उसने पीठमीठ मागायला लाज वाटत नाही. उघड चोरी करायला धजत नाही, कारण चार लोक पाहतात. हेही समाजाने घडवलेलेच वागणे आहे आणि ते मोलाचे आहे. आरसा फोडून चालणार नाही. तो पुसून स्वच्छ ठेवावा लागेल.

विहिरीवर आलेल्या शोमरोनी स्त्रीजवळ प्रभूने पाणी मागितले. जिच्या हातचे पाणी त्याच्या समाजातले लोक घेत नसत, तिच्याच हातचे! त्याने तिला उपदेश नंतर केला. आधी तिच्याकडे काही मागितले, म्हणजे ती देऊ शकते हे मान्य केले. त्या दुपारी तिला एक वेगळा आरसा दिसला, आणि जी लोकांना टाळून भरदुपारी पाण्याला आली होती, तीच गावात जाऊन लोकांशी बोलू लागली.

आपल्या धर्मग्रामात मोठे ठराव आज होतील, असे नाही. पण काही लहान गोष्टी येत्या आठवड्यात प्रत्येक घरी होऊ शकतात. ज्याला आपण 'ए' म्हणून हाक मारतो, अशा एका माणसाचे पुरते नाव विचारून घ्यावे आणि त्याच नावाने त्याला हाक मारावी. वयाने मोठ्या मजुराला घरातल्या मुलांनी 'अहो' म्हणावे, आणि मुलांनी ते शिकावे म्हणून आधी मोठ्यांनी म्हणावे. त्याला चहा द्यावा तो घरच्याच कपात. मिस्सेनंतर दारात ठरावीक चौघांशीच बोलणे होत असेल, तर एका पाचव्याशी बोलावे. ऊसतोडीला गेलेली कुटुंबे परत आली, की ती आल्याची दखल घ्यावी, त्यांची पोरे शाळेत पुन्हा बसली की नाही हे पाहावे.

आणि स्टँडवर एखादे पोर भेटले, तर त्याला जरूर विचारावे, "कुणाचा रे तू?" तो प्रश्न वाईट नाही. त्यात मायाही आहे. फक्त त्याच्या उत्तरानंतर आपल्या चेहऱ्यावर काय उमटते, तेवढे सांभाळावे. ते पोर आपल्याकडे बघत असते.